मैदान कोणाचे, भिंत कोणाची? : वसई-विरारच्या संदर्भात खेळ, सार्वजनिक कला आणि सामाजिक परिवर्तन

प्रस्तावना

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. गावांच्या या समावेशाला पश्चिम पट्ट्यातून मोठा विरोध झाला. त्याचा इतिहास हा या लेखाचा विषय नाही. परंतु महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर दोनच वर्षांत, म्हणजे २०११ मध्ये, या शहराने आपली पहिली मॅरेथॉन भरविली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गावांचे आणि वसाहतींचे परस्परांशी धड नाते जुळलेले नव्हते, त्यांना एका रस्त्याने जोडण्याचे काम शहराने खेळावर सोपविले होते. त्याच्याही आधीपासून डिसेंबरअखेर वसईतील चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरत आलेला आहे. त्यात धावणे, कबड्डी, चित्रकला, नृत्य, वक्तृत्व अशा नाना स्पर्धांसाठी तालुक्याच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात. थोडक्यात, खेळ आणि कला यांच्या द्वारा समाज घडविण्याची कल्पना या परिसराला नवी नाही.

प्रश्न आहे तो वेगळा. मॅरेथॉनच्या सकाळी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून अनोळखी धावपटूंना पाणी देणारे आणि टाळ्या वाजविणारे ग्रामस्थ आणि संकुलवासी दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या अंगणात जातात काय? पथनाट्य पाहून गेलेल्या वस्तीत काही बदलते काय? खेळ आणि सार्वजनिक कला यांमुळे सामाजिक परिवर्तन घडते, असे विधान आपण महाविद्यालयीन अध्यापक अहवालांतून, उद्घाटनाच्या भाषणांतून आणि चर्चासत्रांतून सहजपणे करीत असतो. ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते आणि कोणत्या परिस्थितीत ठरत नाही, याचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संदेश आणि नियम

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसमवेत प्रस्तुत लेखक शहराच्या पूर्वेकडील एका चाळवस्तीत स्वच्छतेवरील पथनाट्य घेऊन गेला होता. ढोलकी वाजू लागताच पन्नास-साठ मुले जमली. प्रयोग रंगला आणि गाण्याचे धृपद मुलांना दोन वेळा ऐकून पाठही झाले. आवराआवर चालू असता एका बाईंनी विचारले, "सर, आता पुन्हा कधी येणार? पोरं विचारत बसतील." या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. छायाचित्रे अहवालात गेली, विद्यार्थ्यांना गुण मिळाले आणि त्या वर्षी आम्ही पुन्हा तेथे गेलो नाही. आमचे पथनाट्य वाईट नव्हते. परंतु त्यात वस्तीला करण्यासारखे काही नव्हते. फक्त ऐकण्यासारखे होते.

या अनुभवातून एक भेद स्पष्ट होतो. खेळ आणि कला यांचा वापर दोन प्रकारे करता येतो. एका प्रकारात ती संदेशाची वाहने असतात. टीशर्टवर 'मुलगी वाचवा' असे छापून धावण्याची स्पर्धा घेतली किंवा भिंतीवर 'पाणी जपून वापरा' असे चित्र रंगविले, तर संदेश बदलला तरी खेळ तोच राहतो. दुसऱ्या प्रकारात विचार हा खेळाच्या नियमातच असतो. तो बाजूला काढला तर खेळच उरत नाही.

दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण कोलंबियातील मेडेलिन शहरात सापडते. १९९४च्या विश्वचषकात स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारणारा कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार मायदेशी परतल्यावर मेडेलिनमध्ये गोळी घालून मारला गेला. टोळीयुद्धांनी पोखरलेल्या या शहरात युर्गन ग्रीसबेक या जर्मन अभ्यासकाने १९९६ मध्ये 'शांतीसाठी फुटबॉल' हा उपक्रम सुरू केला. त्यात व्याख्याने नव्हती. संघ मुलामुलींचे मिश्र असत. पहिला गोल मुलीनेच करावा लागे आणि सामन्याला पंच नसे. सामन्याआधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवीत आणि सामन्यानंतर पुन्हा बसून ते पाळले गेले की नाही हे सांगत. ज्या तरुणांनी आयुष्यात कोणत्याही वादाचा निकाल शस्त्राविना लागलेला पाहिला नव्हता, त्यांना पंचाशिवाय खेळावे लागणे हेच त्या खेळातील शिक्षण होते. मुलीला चेंडू दिल्यावाचून सामना जिंकताच येत नाही, हे एकदा कळले की तिला चेंडू द्यावा अशी विनंती करीत बसावे लागत नाही.

केनियातील नैरोबीच्या माथारे या झोपडवस्तीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या युवा क्रीडा संघटनेने हेच तत्त्व कचऱ्याला लावले. तेथील फुटबॉल साखळीत संघाला सामना जिंकल्याचे गुण मिळतात, तसेच वस्तीतील गटारे व कचरा साफ केल्याचेही गुण मिळतात आणि दोन्ही एकाच गुणतालिकेत धरले जातात. पावसाळ्यात तुंबलेल्या गटारांचा अनुभव असलेल्या आपल्या शहराला हा नियम अनोळखी वाटू नये.

सार्वजनिक कलेतही असे करता येते. बोगोटाचे महापौर आंतानास मोकुस यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात वाहतुकीला शिस्त लावण्यासाठी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलावंत उभे केले. सिग्नल तोडणाऱ्याला दंड करण्याऐवजी हे कलावंत त्याची हुबेहूब नक्कल करीत आणि भोवतालची माणसे हसत. त्याच सुमारास नागरिकांना वर व खाली अंगठा दाखविणारी साडेतीन लाख कार्डे वाटण्यात आली. ती दाखवून त्यांनी एकमेकांच्या वागण्याला दाद किंवा नापसंती द्यावी, अशी योजना होती. येथे कलावंत मोजके होते, परंतु खेळ साऱ्या शहराच्या हाती दिला गेला. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांच्या रंगभूमीत प्रेक्षकाला उठून पात्राची जागा घेता येते, ती याच जातीची.

आपल्याकडील इतिहास

परदेशी उदाहरणांनी दिपून जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील दाखले अधिक बोलके आहेत आणि काही बाबतीत अधिक कडूही आहेत.

पळवणकर बाळू यांचे चरित्र त्या दृष्टीने पुनःपुन्हा वाचावे असे आहे. चांभार समाजात जन्मलेले बाळू पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांचा डावखुरा फिरकी मारा पाहून हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानावर सर्व जातींचे खेळाडू एकच चेंडू हाताळीत. परंतु खेळ थांबला की बाळूंना चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, आणि तेही भावंडांनी उघड निषेध नोंदविल्यानंतर आणि वृत्तपत्रांतून वाद झाल्यानंतर.

या इतिहासातून 'खेळाने जातिभेद मोडला' असा निष्कर्ष काढला जातो. प्रस्तुत लेखकास तो अर्धाच खरा वाटतो. खेळपट्टीवरचे नियम सर्वांना समान होते, तंबूतले नव्हते. खेळाने केले ते एवढेच, की ही विसंगती हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवली. तंबूचे दार उघडले ते संघर्षाने. शिवाय ज्या स्पर्धेत हे घडले त्या स्पर्धेची रचनाच हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा धर्मवार संघांची होती. ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली. एकाच खेळाने एक भिंत पाडावी आणि दुसरी उभी करावी, हे शक्य असते.

आज ठाणे, रायगड व पालघर या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने 'एक गाव एक संघ' या नियमाने खेळविले जातात, तेव्हा हीच बाब आठवते. या नियमाने गावाची एकजूट टिकते आणि पैसे देऊन बाहेरून खेळाडू आणण्यास आळा बसतो, हे खरे आहे. परंतु त्याच गावाच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या संकुलात जन्मलेला आणि तेथेच वाढलेला मुलगा 'गावचा' कधी होतो, याचे उत्तर हा नियम देत नाही.

कलेच्या बाजूने सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे आणि पुढे अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक ही परंपरा वाचकांना परिचित आहे. येथे तिच्यातील एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. जलसा वस्तीत येई तो चळवळीचे बोट धरून. जलसाकार निघून गेल्यावर मागे एखादी शाळा, वाचनालय, युनियन किंवा समता सैनिक दलाची तुकडी असे. राष्ट्र सेवा दलाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १९४१ मध्ये पुण्यात त्याची पुनर्बांधणी झाल्यावर गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळच्या शाखा भरू लागल्या. त्यांत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले-मुली एकत्र खेळत आणि गाणी म्हणत. पुढे वसंत बापट, लीलाधर हेगडे आदींमुळे नावारूपाला आलेले सेवा दलाचे कलापथक हे या रोजच्या शाखेचे फळ होते. आधी मैदान आणि मग रंगमंच, हा क्रम महत्त्वाचा आहे.

१९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेल्या 'मुलगी झाली हो' या नाटकाने गावोगावी असंख्य प्रयोग केले. त्या नाटकामागे स्त्री मुक्ती संघटना उभी होती. प्रयोग पाहून एखादी स्त्री आपले गाऱ्हाणे घेऊन आली तर तिला नेण्यासाठी संघटनेची सल्ला केंद्रे होती. हे नाटक विस्मरणात गेले नाही, याचे श्रेय त्याच्या चुरचुरीत गाण्यांइतकेच या मागच्या दाराला द्यावे लागेल. आमच्या पथनाट्याला ते दार नव्हते.

वसई-विरारची मैदाने

२०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. पश्चिमेला कुपारी, वाडवळ, आगरी, कोळी यांची जुनी गावे, पूर्वेला वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे, आणि मधोमध रेल्वेमार्गाच्या कडेने कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेल्यांच्या चाळी व संकुले. हे सर्वजण सकाळच्या विरार लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्याव्यतिरिक्त त्यांनी एकत्र यावे अशा जागा थोड्याच आहेत. मैदान ही त्यांपैकी एक होऊ शकते.

परंतु मैदान असले तर. बालकांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या संहितेतील ३१व्या कलमाने खेळ हा बालकाचा हक्क मानला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असणे आवश्यक ठरविले आहे. प्रत्यक्षात वेगाने वाढलेल्या उपनगरात विकास आराखड्यातील आरक्षण आणि जमिनीवरील वास्तव यांत किती अंतर पडू शकते, हे नालासोपाऱ्यात दिसून आले. तेथे सांडपाणी प्रकल्प व कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४च्या अखेरीस आणि २०२५च्या प्रारंभी पाडण्यात आल्या व शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. सांडपाण्याच्या आरक्षणाची ही गत, तर ज्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही त्या क्रीडांगणाच्या आरक्षणाची कल्पनाच केलेली बरी.

या परिसरातील क्रिकेटचे दोन मोठे यश याच अंतराच्या कथा आहेत. शार्दूल ठाकूर पालघरहून आणि पृथ्वी शॉ विरारहून क्रिकेटचे सामान खांद्यावर घेऊन लोकलने मुंबईच्या मैदानांपर्यंत जात. पृथ्वीने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात रिझवी शाळेकडून ५४६ धावा केल्या आणि २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचे नेतृत्व केले. या यशाचा अभिमान स्वाभाविक आहे. तथापि त्यांना गाव सोडून मैदानाकडे जावे लागले; मैदान गावाकडे आले नाही. एका मुलाची जिद्द आणि त्याच्या वडिलांचा त्याग यांना सामाजिक परिवर्तन म्हणता येणार नाही. ज्या दिवशी असे कष्ट न घेताही साधारण गुणांच्या मुलाला रोज तासभर खेळता येईल, त्या दिवशी काही बदलले असे म्हणता येईल.

आणि मुलीला. मैदान शिल्लक असले तरी ते संध्याकाळी पाच ते सात कोणाचे असते, हे कोणत्याही वस्तीत जाऊन पाहावे. वसई जेव्हा ठाणे जिल्ह्यात होती त्या काळात, २०१२च्या सुमारास, त्याच जिल्ह्यातील मुंब्रा येथे 'परचम' या गटाने मुलींसाठी फुटबॉल सुरू केला. मुली खेळू लागल्या तेव्हा पहिली अडचण कौशल्याची आली नाही, जागेची आली. मैदानावर मुलगे होते आणि बघेही होते. या मुलींनी घरोघर फिरून स्त्रियांच्या सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी मैदानाची मागणी लोकप्रतिनिधींपुढे मांडली. ज्या घरांतून मुलीला अर्ध्या विजारीत खेळू देण्यास विरोध होता, त्याच घरांतील आयांच्या सह्या त्या निवेदनावर पडल्या, ही त्या फुटबॉलची खरी कमाई होय. गोल किती झाले हे येथे गौण आहे.

मॅरेथॉनकडेही याच दृष्टीने पाहावे. पूर्ण अंतराच्या शर्यतीत पुढे असतात ते बहुधा सैन्यदलातील कसलेले धावपटू. स्थानिकांना तो मुख्यतः पाहण्याचा सोहळा असतो. पण त्या सकाळी काही तास रस्ता वाहनांचा नसतो, ही लहान गोष्ट नाही. वर्षातून एक दिवस जे जमते ते महिन्यातून एक दिवस, एखाद्या गल्लीपुरते का जमू नये, असा प्रश्न तरी त्यातून निर्माण होतो.

भिंतीवरचे चौक

सार्वजनिक कलेचा विचार करताना पालघर जिल्ह्यात वारली चित्रांपासून सुटका नाही. रेल्वे स्थानके, शाळा, उड्डाणपुलांचे खांब, हॉटेले, सर्वत्र त्रिकोणी देहांची माणसे तारप्याभोवती फेर धरून नाचताना दिसतात. मूळ परंपरेत हे चित्र लग्नघरातील गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक असे. तो सवाशिणी काढीत, धवलेरी गाणी म्हणे आणि चौकात पालघट देवीची स्थापना होई. चौकाशिवाय लग्न लागत नसे. म्हणजे ही भिंत सजावट नव्हती. ती विधीतील एक सहभागी होती.

१९७०च्या दशकात हे चित्र कागदावर आले आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्या हातून जगभर गेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या स्थित्यंतराने अनेक आदिवासी कुटुंबांना उपजीविका आणि ओळख दिली, हे निर्विवाद आहे. त्याच वेळी चित्र विधीतून बाजारात आले तेव्हा ते मुख्यतः स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती गेले, आणि बाजारातून सरकारी भिंतीवर आले तेव्हा अनेकदा रंगाऱ्यांच्या ठेकेदाराच्या हाती. शहरातील एखाद्या भिंतीवर वारली चित्र रंगले म्हणजे आदिवासी संस्कृतीचा गौरव झाला, असे आपण समजतो. ज्या पाड्यातील चित्र आहे त्या पाड्यातील कोणाला त्या कामाचा मोबदला मिळाला काय, आणि काय चितारावे हे विचारले गेले काय, हे प्रश्न विचारल्यावाचून तो गौरव मानणे कठीण आहे. फेर धरणाऱ्या माणसांच्या शेजारी आज धरण, वीटभट्टी किंवा महामार्ग काढावा असे एखाद्या वारली मुलीला वाटले, तर ती भिंत तिला ते काढू देईल का?

याउलट जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहावा. होळीच्या आगेमागे रात्री मशालींच्या उजेडात देव-दानवांची सोंगे एकामागून एक गावाच्या रस्त्यावरून नाचत येतात. सोंगांचे मान कुटुंबाकुटुंबांकडे असतात आणि काही गावांत ते लिलावाने घेतले जातात. मुखवटा जपणे, रंगविणे, वाद्यांची सोय करणे, रस्ता मोकळा ठेवणे ही सारी कामे वाटलेली असतात. बोहाडा कोणताही संदेश देत नाही. पण गाव म्हणजे काय आणि त्यात आपले काम कोणते, हे तो दरवर्षी सर्वांना करावयास लावतो. आपल्या नव्या संकुलांतील सार्वजनिक उत्सवांत वर्गणी देणे आणि ध्वनिवर्धकापुढे उभे राहणे याखेरीज सामान्य रहिवाशाला काम उरलेले नाही, हा फरक विचार करण्याजोगा आहे.

मोजावे काय?

महाविद्यालयांत जिमखाना विभाग, सांस्कृतिक विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांचे उपक्रम मोजले जातात ते सहभागी विद्यार्थ्यांची संख्या, प्रयोगांची संख्या आणि पारितोषिके यांवरून. मूल्यांकनाच्या तक्त्यांना हेच आकडे लागतात, हे प्रस्तुत लेखकही जाणतो आणि तेही भरतो. परंतु वरील विवेचनावरून काही निराळे प्रश्न सुचतात. पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी सहाव्या महिन्यात किती उरले, आणि गळालेल्यांत मुली किती? नियम कोणी ठरविले? चेंडू, जाळे, रंग हे साहित्य कोणाच्या घरी राहते? आम्ही गेलो नाही तर त्या दिवशी खेळ होतो का? हे आकडे गोळा करणे अवघड नाही. साध्या वहीत होते.

त्या चाळवस्तीत आम्ही दीड वर्षाने पुन्हा गेलो, या वेळी पथनाट्याविना. दर रविवारी लंगडी, लगोरी आणि कबड्डी एवढाच कार्यक्रम ठरविला. वेळ संध्याकाळी पाचची ठेवली, कारण ती विद्यार्थ्यांना सोयीची होती. तीन रविवार केवळ मुलगेच आले. चौथ्या रविवारी दोन मुली कडेला उभ्या राहिल्या. विचारले तेव्हा त्यांतली मोठी म्हणाली, "पाचला पाणी येतं, सर. सकाळी सातला ठेवा की, तेव्हा मुलं झोपलेली असतात, मैदान रिकामं असतं." आमच्या विद्यार्थ्यांनी थोडी कुरकुर केली. पुढच्या रविवारी सातला नऊ मुली आल्या होत्या, आणि चुन्याने कबड्डीच्या रेघा त्यांनी आधीच आखून ठेवल्या होत्या.